जखमेवर माशी बसली तर?

प्रश्न : चार वर्षांच्या मुलाने डास चावल्याच्या जागा खाजवून पायाला जखमा करून घेतल्या आहेत. त्यांवर सारख्या माश्या बसतात आणि आता शेजारी नवे फोडही आलेत. हे माश्यांमुळेच का? जखम उघडी ठेवली तर लवकर वाळेल ना?

उत्तर : थोडंफार माश्यांमुळे. घरमाशीला चावता येत नाही. तिची सोंड स्पंजासारखी, टिपून घेणारी. म्हणून ती लस गळणारी ओली जागा शोधते. खपलीवर ती आधी पोटातला द्रव ओकते, खपली भिजली की चोखते आणि बसल्या जागी विष्ठाही टाकते. शिवाय पायांच्या टोकांना चिकट, केसाळ गाद्या. ओकणं, विष्ठा आणि पाय या तिन्ही वाटांनी स्टॅफिलोकॉकस आणि स्ट्रेप्टोकॉकस हे जखम चिघळवणारे जंतू उतरू शकतात. पायांवरच्यापेक्षा पोटातले जंतू जास्त टिकतात, तेव्हा खरी धास्ती ओकण्याची.

पण फोड शेजारीच आलेत, म्हणजे पहिला संशय मुलाच्या नखांवर घ्या. मधाच्या रंगाची खपली धरत असेल तर हा बहुधा इम्पेटिगो, म्हणजे याच जंतूंमुळे होणारा त्वचेचा संसर्गजन्य आजार. तो मुख्यतः हात आणि टॉवेल यांतून पसरतो.

उघडी अजिबात ठेवू नका. साबण-पाण्याने धुवा, ओलं स्वच्छ फडकं खपलीवर दहा मिनिटं ठेवा आणि सुटेल तेवढीच हलक्या हाताने पुसा. कोरडी खपली उचकटू नका. डॉक्टरांनी दिलेलं मलम खपली निघालेल्या जागी लावायचं. जाड खपलीवर थापलेलं खाली पोचतच नाही. वर गॉझ, चारही कडा चिकटपट्टीने बंद. एक कड सुटली तरी माशी आत शिरते. पट्टी रोज बदला, भिजली तर लगेच. काढलेला गॉझ उघड्या डब्यात टाकलात तर माशीला आयतीच मेजवानी. पिशवीत बांधून टाका. नखं कापा, टॉवेल वेगळा ठेवा.

ताप, पसरणारी लाली, भराभर वाढणारे फोड किंवा जखमेत अळ्या दिसल्या तर डॉक्टरांकडे न्या. फोड बरे झाल्यावर काही आठवड्यांनी चेहरा सुजला किंवा लघवी चहासारखी झाली तर त्याच दिवशी. स्ट्रेप्टोकॉकसनंतर मूत्रपिंडाला सूज येऊ शकते.

प्रश्न : कचरा रोज टाकणं जमत नाही. आठवड्यातून एकदा चालेल?

उत्तर : नाही. उष्ण हवेत अंड्यापासून माशी व्हायला सात ते दहा दिवस पुरतात, आणि अळ्या त्याआधीच डब्यातून सरपटत कोरड्या जागी निघून जातात. आठवड्यातून दोनदा तरी डबा रिकामा करा, तळाला चिकटलेला थर खरवडून धुवा.