सालदार कर भरतो का?

तुमचा प्रश्न असा: भारतासारख्या देशात प्रत्यक्ष कर (आयकरासारखा, थेट कमाईवर लागणारा) न्याय्य की अप्रत्यक्ष (जीएसटीसारखा, मालाच्या किमतीतून जाणारा)? आणि खाली जोडलंय, 'आयकर भरणारे मूठभर आहेत, मग बाकीच्यांना फुकट योजना कशासाठी?' पहिल्या भागाचं उत्तर लांब आहे. दुसऱ्याचं लहान आहे: बाकीचेही भरतात, फक्त त्यांना पावती मिळत नाही.

मी अर्थशास्त्र शिकलेलो नाही. जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात बियाणं, खतं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान चालवतो. घरची नऊ एकर आहे, कपाशी आणि थोडी केळी. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हापासून रिटर्न, म्हणजे कराचा हिशेब, भरतोय. सरकारसाठी कर गोळा करणारा मीच, आणि शेतीच्या उत्पन्नावर एक पैसा आयकर न भरणाराही मीच. गल्ल्यावर बसून जे दिसतं ते सांगतो.

एकदा पोळ्याच्या आधी दुकानात एक नोकरदार गृहस्थ बसले होते. बोलता बोलता म्हणाले, 'आमच्या टॅक्सच्या पैशावर हे सगळं चाललंय.' शेजारी एका शेतकऱ्याचा सालदार मालकासाठी औषध घ्यायला उभा होता. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याचं साल (वर्षाची मजुरी) ठरतं आणि पुढच्या आखाजीपर्यंत तोच आकडा चालतो. मी थट्टेनं त्याला विचारलं, 'काय रे, तू भरतो का टॅक्स?' तो हसून म्हणाला, 'मी कोठे टॅक्स भरस, भाऊ!'

खरं सांगायचं तर तेव्हा मलाही तसंच वाटत होतं. रात्री रिटर्नसाठी बिलं लावताना डोक्यात प्रकाश पडला.

समजा, औषधाची एक बाटली मी कंपनीकडून 1,000 रुपयांना घेतली. रासायनिक कीटकनाशकावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 180 रुपये मी कंपनीला दिले. तीच बाटली 1,100 ला विकली, वर 198 कर, बिल झालं 1,298. आता मी आधी दिलेले 180 या 198 मधून वजा करतो, त्याला इनपुट क्रेडिट म्हणतात, आणि सरकारला फक्त 18 रुपये भरतो. तेही गिऱ्हाइकाकडूनच आलेले. माझ्या खिशातून गेले शून्य. कंपनीच्या खिशातूनही शून्य. सगळे 198 शेतकऱ्याच्या.

बरं, शेतकऱ्यानं ते पुढे कुणाकडून घ्यावेत? केळीवर जीएसटी नाही, म्हणजे तिच्या बिलात कर लावताच येत नाही, आणि लावता येत नाही म्हणून आधी भरलेला परतही मिळत नाही. कपाशीवर जिनिंगवाला, म्हणजे सरकी काढणारा कारखानदार, 5 टक्के स्वतः भरतो आणि पुढे त्याचं क्रेडिट घेतो. त्यातून शेतकऱ्याचे 198 सुटत नाहीत. भाव वाढवून वसूल करावेत म्हटलं तर भाव त्याच्या हातात कधी होता? केळीचा भाव सकाळी फोनवर कळतो. केळी दिल्लीला नेणाऱ्या ट्रकच्या डिझेलवर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट (विक्रीवरचा कर) असतो. डिझेल जीएसटीच्या बाहेर असल्यामुळे त्याचंही क्रेडिट कुणाला मिळत नाही. तो बोजा भाड्यात जातो आणि भाडं शेवटी बागेतल्या भावातून कापलं जातं.

म्हणून माझं म्हणणं असं की प्रत्यक्ष की अप्रत्यक्ष हा प्रश्नच जरा चुकीच्या जागी उभा आहे. कर पुढे कोण ढकलू शकतो ते बघा. कंपनी ढकलते, मी ढकलतो. शेतकऱ्याला जमत नाही. सालदाराला तर मुळीच नाही. त्याचं साल आखाजीला ठरलेलं, मधे तेल-साबण महागलं म्हणून तो मालकाकडे फरक मागू शकत नाही. नोकरदारालाही ढकलता येत नाही हे मान्य, त्याचा आयकर पगार हातात यायच्या आधीच कापला जातो. त्या गृहस्थांचा राग मला कळतो. फक्त तो चुकीच्या माणसावर निघाला होता.

सालदाराचा हिशेब बघू. तो दादर (आमच्याकडची ज्वारी) किंवा गहू सुटा घेतो, रेशनचं धान्य मिळतं, भाजीपाला आणि सुटं दूध घेतो. यातल्या कशावरच जीएसटी नाही. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या छापील पाकिटातल्या धान्यावर 5 टक्के लागला, पण पोत्यातून मोजून दिलेल्या धान्यावर नाही. हे सरकारच्या बाजूनं सांगायलाच हवं. गरिबाच्या ताटातला मोठा भाग करमुक्त आहे. पण साखर, चहापत्ती, गोडेतेल 5 टक्क्यांत येतात. गावातला किराणावाला म्हणतो, 'आपल्याकडे जीएसटी नाही.' बरोबर आहे, 40 लाखांच्या आत उलाढाल असली तर मालाच्या दुकानाला नोंदणी लागत नाही. पण बिस्किटाच्या पुड्यावरच्या छापील किमतीत कर आधीच घुसलेला असतो.

सगळ्यात बोलकं उदाहरण मोबाईलचं. 299 रुपयांच्या रिचार्जमध्ये सुमारे 45 रुपये 60 पैसे जीएसटी आहे. महिना 10,000 मिळवणाऱ्याच्या दर शंभर रुपयांतून त्यात साधारण 46 पैसे जातात. 1 लाख मिळवणाऱ्याच्या शंभरातून साडेचार पैसे. कर तोच, टोचणी दहापट. आणि रिचार्ज आता चैन राहिलेली नाही. मजुराला कामाचा निरोपही मोबाईलवरच येतो.

पूर्वी ही जागा मिठाची होती. राजा आणि रंक मीठ जवळपास सारखंच खातात, म्हणून त्यावरचा कर गरिबाला जास्त झोंबतो. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1902 च्या अर्थसंकल्पावरच्या भाषणात मीठकर कमी करा म्हणून सरकारला धारेवर धरलं होतं. पुढच्याच वर्षी तो मणाला अडीच रुपयांवरून 2 रुपये झाला, 1907 पर्यंत 1 रुपयावर आला. प्रश्न तेव्हाचाच आहे, पुडी तेवढी बदलली.

आमच्या जिल्ह्यात आणखी एक गंमत होती. जळगावच्या सराफ बाजारात सोन्यावर जीएसटी 3 टक्के. आणि अंगाच्या साबणावर, डोक्याच्या तेलावर 18. ही परिस्थिती 22 सप्टेंबर 2025 पर्यंत होती. त्या दिवसापासून साबण, केसांचं तेल, टूथपेस्ट, बिस्किटं 5 टक्क्यांवर आली. ठिबकचा संच आणि ट्रॅक्टरही 12 वरून 5 वर आले. मला ते मनापासून पटलं. म्हणजे अप्रत्यक्ष कर थोडासा न्याय्य करता येतो, अगदीच अशक्य नाही. पण सोनं 3 वरच आहे आणि फवारणीचं औषध 18 वरच. सोनं महाग केलं तर चोरून येईल, हा युक्तिवाद मी ऐकलाय, त्यात दमही आहे. तरी लग्नाच्या हारापेक्षा बोंडअळीच्या औषधावर सहापट दर, हे माझ्या गळी उतरत नाही.

मग सगळा कर प्रत्यक्षच घ्यावा का? तिथेही सरळ हिशेब नाही.

व्यवसाय कराचं बघा. 1972 च्या दुष्काळानंतर राज्यात रोजगार हमी योजना उभी राहिली, तिच्या पैशासाठी 1975 मध्ये हा कर आला. हेतू उत्तम होता. हा प्रत्यक्ष कर आहे, थेट पगारातून कापतात. आज महाराष्ट्रात महिना 10,000 च्या वर पगार असलेल्या पुरुषाचे दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाला 2,500 जातात. बायकांना 25,000 पर्यंत सूट आहे, ते चांगलं केलं. माझ्या दुकानातल्या पोऱ्याला 11,000 पगार, त्याचे 2,500. महिना लाखभर घेणाऱ्या अधिकाऱ्याचेही 2,500. पोऱ्याच्या वर्षाच्या कमाईतले जवळपास दोन टक्के गेले, अधिकाऱ्याचे पाव टक्क्याच्याही आत. राज्यानं ठरवलं तरी वरच्यांकडून जास्त घेता येत नाही, कारण 2,500 ची मर्यादा राज्यघटनेच्या 276 व्या कलमातच आहे आणि ती 1988 पासून हललेली नाही. म्हणजे प्रत्यक्ष कर असूनही तो चालतो रिचार्जसारखाच.

आयकराचं उलट आहे. त्याची रचना चांगली, वर जाल तसा दर वाढतो. अडचण अशी की तो ज्याचं उत्पन्न कागदावर दिसतं त्यालाच लागतो. 2025-26 पासून नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंत आणि पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत करच लागत नाही. गंमत म्हणून त्या गृहस्थांच्या पगाराचा अंदाज बांधला. 'आमच्या टॅक्सवर' म्हणणारे ते यंदा आयकर शून्य भरणार. मग तेही सालदारासारखेच, फक्त खरेदीवरचा कर भरणारे.

आता माझ्याच अंगणात येतो. शेतीच्या उत्पन्नाला केंद्राचा आयकर नाही, घटनेनं तो विषय राज्यांकडे दिलाय. 1972 मध्ये अर्थतज्ज्ञ के. एन. राज यांच्या सरकारी समितीनं मोठ्या जमीनधारणेवर कर सुचवला होता, कुठल्याही राज्यानं तो मनावर घेतला नाही. छोट्या शेतकऱ्याकडून काही मिळणारही नाही. जो आधीच 198 रुपये गिळून बसलाय त्याला आणखी काय लावणार? पण आमच्याकडे केळी दोन ठिकाणी पिकते, मळ्यात आणि कागदावर. धंद्यातला पैसा केळीचा म्हणून दाखवणारे लोक कोण, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांच्यामुळे खरा शेतकरी शिव्या खातो. मोठ्या बागायतदाराला एका मर्यादेवर कर लावला तर माझी हरकत नाही. नऊ एकरवाल्याला असं म्हणणं सोपं आहे, हेही कबूल.

विकसनशील देश अप्रत्यक्ष करावर का टेकतात त्याचं कारणही इथेच आहे. कोट्यवधी लोकांची रोखीतली कमाई मोजत बसण्यापेक्षा मोजक्या कारखान्यांच्या आणि रिफायनरींच्या दारात कर पकडणं सोपं. पूर्वी शहराच्या वेशीवर जकात नाका असायचा, तेच तत्त्व. केंद्र आणि राज्यं मिळून बघितली तर आजही अप्रत्यक्ष कराचा वाटा प्रत्यक्षपेक्षा जास्त आहे.

आणि एक गोष्ट, जी तुमच्या प्रश्नाच्या चौकटीत बसत नाही. प्रत्येक अप्रत्यक्ष कर गरिबाच्या विरोधात नसतो. बाहेरून येणाऱ्या कापसावर 2021 पासून 11 टक्के आयात शुल्क होतं. ऑगस्ट 2025 मध्ये सरकारनं ते काढलं, आधी सप्टेंबरअखेर, मग डिसेंबरअखेरपर्यंत. गिरण्यांना स्वस्त कापूस मिळाला. आमच्याकडे त्याच दिवसांत नवा कापूस वेचून घरात येत होता. कर कमी झाला आणि सर्वात आधी कपाशीवाल्याच्याच पोटात गोळा आला. तेव्हा कुणी 'कर कमी झाला' म्हणून पेढे वाटले की मी आधी विचारतो, कुणावरचा?

हातात असतं तर मी दोनच गोष्टी केल्या असत्या. फवारणीचं औषध 5 टक्क्यांत आणलं असतं, आणि व्यवसाय कराच्या त्या 2,500 च्या मर्यादेला हात घातला असता. डिझेल जीएसटीत आणा असं बरेच जण म्हणतात, मलाही पटतं, पण राज्यं त्या कमाईवर पाणी सोडतील असं वाटत नाही.

त्या सालदाराला मी नंतर त्याच्या मालकाचं बिल उलगडून दाखवलं, मग त्याच्याच मोबाईलवर रिचार्जचा हिशेब करून दाखवला. तो बराच वेळ आकडे बघत राहिला. मग विचारलं, 'मंग हाऊ पैसा माले परत भेटी का?'

मी म्हटलं, 'मला मिळतो. तुला नाही.'