शंखजिरं, पावडरचा डबा आणि तुमची पत्रं

प्रश्न (चिपळूणहून एक ताई): माझी नात चार महिन्यांची झाली. आमच्याकडे बाळाची आंघोळ झाली, धुरी झाली की पावडर लावायचीच. आई आम्हाला वाण्याकडचं शंखजिरं कुटून वस्त्रगाळ करून लावायची, मी मुलाला डब्यातली लावली, आणि आता सूनबाई म्हणतात लावायची नाही, कॅन्सर होतो. शंखजिरं म्हणजे नक्की काय आणि ते खरंच एवढं वाईट आहे का?

उत्तर: ताई, सूनबाईंचं ऐका, पण कारण थोडं वेगळं आहे.

शंखजिरं म्हणजे टाल्क. नावात शंख नि जिरं असलं तरी आहे तो दगडच, मॅग्नेशियम सिलिकेटचा. मॅग्नेशियमचे ३ अणू, सिलिकॉनचे ४, ऑक्सिजनचे १० आणि सोबत ओएचच्या, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या, दोन जोड्या एवढाच त्याचा हिशोब. खनिजांत याच्याहून मऊ सहसा कोणी नाही, मोहस् नावाच्या खनिजतज्ज्ञाने १८१२ मध्ये कठीणपणाची जी पट्टी केली तिच्यात हिरा १० वर आणि शंखजिरं १ वर, नखानेसुद्धा ओरखडा उठतो. का, तर आत सँडविच आहे. वर-खाली सिलिकाचे दोन थर, मध्ये मॅग्नेशियमची चटणी, आणि असं एकेक सँडविच स्वतःपुरतं पूर्ण असल्यामुळे शेजारच्याला घट्ट धरायला काही उरतच नाही, बोटाने दाबलं की थर एकमेकांवरून घसरतात. अभ्रकाची रचनाही बरीचशी अशीच, पण तिथे दोन सँडविचांच्या मध्ये पोटॅशियम बसलेलं असतं ते धरून ठेवतं, म्हणून अभ्रकाचा पापुद्रा वाकवला तर ताठ परत येतो आणि शंखजिऱ्याचा वाकतो तो वाकलेलाच राहतो.

पावडर घाम शोषते असं आपण समजतो ना, तेही तितकंसं खरं नाही. या थरांचा सपाट पृष्ठभाग पाण्याला जवळ करत नाही, तेलाला करतो. गुळगुळीत वाटतं ते घर्षण कमी झाल्यामुळे. (पैठणीवर फोडणीचं तेल उडालं तर लगेच पावडर टाकून ठेवा नि नंतर हलकेच झटका, हे मात्र खरंच चालतं.)

आता बाळाचं. खरी भीती श्वासाची आहे. डबा झटकला की जो ढग उडतो तो बारीक दगडाचा आहे आणि तो फुफ्फुसात गेला तर विरघळत नाही, तिथेच बसून सूज आणतो. किती सूज? डॉक्टर लोक हाच गुण मुद्दाम वापरतात, फुफ्फुसाच्या आवरणात सारखं पाणी भरणाऱ्या पेशंटला तिथे निर्जंतुक टाल्क सोडतात म्हणजे सूज येऊन आवरणाचे दोन पदर एकमेकांना चिकटतात आणि पाण्याला जागा राहत नाही. इतकी निसरडी वस्तू चिकटवायला वापरतात, गंमतच आहे. पण चार महिन्यांच्या पोरीच्या नाकाशी हे नको, बालरोगतज्ज्ञ कितीतरी वर्षं हेच सांगतायत. अंग मऊ कपड्याने टिपून कोरडं केलं की झालं.

कॅन्सरचा मुद्दा दोन ठिकाणांहून येतो. एक म्हणजे ॲस्बेस्टॉस, बारीक तंतूंचं, कॅन्सर करणारं खनिज. त्याचा पांढरा प्रकारही मॅग्नेशियम सिलिकेटच, आणि जमिनीत हे भाऊबंद कधी कधी एकाच खडकात शेजारी सापडतात, त्यामुळे खाण नीट निवडली नाही, माल तपासला नाही तर त्याचे तंतू पावडरमध्ये येऊ शकतात. दुसरं, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने जुलै २०२४ मध्ये टाल्कलाच 'बहुधा कॅन्सरकारक' या २ए गटात टाकलं. आता त्याच गटात मटणासारखं लाल मांस आणि ६५ अंशांच्या वरचं कढत पेयही आहे, कारण हा गट पुरावा किती पक्का ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. जॉन्सन अँड जॉन्सनने टाल्कची बेबी पावडर २०२० मध्ये अमेरिका-कॅनडात आणि २०२३ मध्ये जगभर बंद करून मक्याच्या स्टार्चची आणली, आमची पावडर सुरक्षितच होती असं त्यांचं म्हणणं कायम आहे. तुम्ही मुलाला लावलीत म्हणून आता रात्र रात्र जागू नका. स्टार्चचीही नाकाजवळ झटकायची नाहीच.

प्रश्न (डोंबिवलीचा एक कॅरमवेडा): बोर्डावर बोरिकऐवजी घरातली टाल्कम चालेल का? आणि उरलेली बोरिक घामोळ्यांना?

उत्तर: पहिल्याला, चालेल पण मजा नाही, टाल्कचे चपटे कण दाबले की लाकडावर पसरून बसतात आणि पावसाळ्यात तर सोंगटी निम्म्यातच थांबते. दुसऱ्याला मात्र ठामपणे 'नाही'! बोरिक ही वेगळीच वस्तू, झुरळं मारायला वापरतात ती, पोटात गेली किंवा सोललेल्या कातडीतून आत गेली तर विषारी. लहान मुलं असलेल्या घरात डबा वरच्या फळीवर ठेव बाबा.

प्रश्न (साताऱ्याचे एक काका): कर्नाटकात हळेबीडच्या देवळात गाइड म्हणाला हा साबणाचा दगड. इतकं मऊ असेल तर ८०० वर्षांत झिजलं कसं नाही?

उत्तर: काका, साबणाचा दगड म्हणजे शंखजिऱ्याचाच खडक, पण ते निव्वळ शंखजिरं नाही, त्यात क्लोराइटसारखी खनिजं मिसळलेली असतात. ताजा दगड छिन्नीला लोण्यासारखा वाटतो म्हणून तर होयसळ राजांच्या कारागिरांनी दागिन्यातला मणीन् मणी कोरला. रिओमधल्या येशूच्या पुतळ्यालाही, १९३१ चा तो, बाहेरून याच जातीच्या दगडाचे तुकडे बसवलेत, कारण पाऊस आणि आम्लाला हा दगड फारसा बधत नाही.

खरी कमाल सिंधू संस्कृतीतल्या लोकांची. एकशिंगी प्राण्याच्या त्या चौकोनी मुद्रा याच दगडाच्या, मऊ असताना कोरायच्या आणि मग भाजायच्या. हजारेक अंशांपर्यंत तापवलं की आतलं ओएच पाणी होऊन निघून जातं, थर मोडतात आणि वेगळंच, कडक खनिज तयार होतं. हीटरच्या कॉइलवरचे पांढरे मणी बऱ्याचदा याच युक्तीने केलेले असतात. वेल्डिंगवाल्याकडे लोखंडावर रेघ मारायला असतो तो चॉकही हाच, साधा खडू तिथे टिकत नाही.

आपल्या दख्खनच्या काळ्या कातळात हे शोधू नका, माल मुख्यतः राजस्थान आणि उत्तराखंडातून येतो. उत्तराखंडात त्याला खडिया म्हणतात. तिथल्या बागेश्वर जिल्ह्यात खाणींमुळे घरांना तडे गेल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की जानेवारी २०२५ मध्ये हायकोर्टाने खोदकामच थांबवलं.

प्रश्न (एक वाचक, गाव लिहिलेलं नाही): हिंगात हा दगड घालतात म्हणे?

उत्तर: घालतात. चिमूटभर हिंग ग्लासभर पाण्यात टाकून हलवा, शुद्ध असेल तर पाणी दुधाळ होईल, दगडाची पूड असेल तर ती तळाशी जाऊन बसेल, मग ग्लास घेऊन सरळ दुकानात जा.