पटकथेकडे वळणाऱ्या कवीस

प्रिय मित्रास अनेक आशीर्वाद.

पोटासाठी पटकथा लिहू लागलो तर अहिराणीतली कविता सुटेल, ही भीती तुझ्या पत्रात दोनदा आली आहे. तिच्यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही. पण इव्हान जोन्स या जमैकन लेखकाची कारकीर्द तू नीट पाहावीस, असे मला वाटते.

१९२७ साली जमैकाच्या पोर्टलंड भागात तो जन्मला; वडील केळीचे बागायतदार, आई क्वेकर या ख्रिस्ती पंथाची. अमेरिकेतल्या हॅवरफर्ड कॉलेजात आणि ऑक्सफर्डला शिकलेल्या या मुलाची सर्वांत गाजलेली कविता, ‘द साँग ऑफ द बनाना मॅन’, मात्र पावसात भिजलेल्या, डागाळलेल्या कपड्यांतल्या एका शेतकऱ्याच्या तोंडी आहे. बाजारात भेटलेला गोरा पर्यटक त्याला भिकारी समजतो, तेव्हा डोंगरावरची आपली दहा एकर जमीन, गाढव, केळीच्या जाती, नारळ हे सारे तो जमैकाच्या बोलीत मोठ्या तोऱ्यात ऐकवतो. कवी स्वतः तो शेतकरी नव्हता, हे विसरू नकोस. बोली घरची आहे एवढ्या भांडवलावर कविता उभी राहत नाही; बोलणाऱ्याचा स्वाभिमान नेमका कुठे दुखावला जातो, हे कळावे लागते.

पुढे तो इंग्लंडमध्ये स्थायिक झाला आणि दूरचित्रवाणी व चित्रपटांसाठी लिहू लागला. ‘किंग अँड कंट्री’ (१९६४) हा पहिल्या महायुद्धात आघाडी सोडून निघालेल्या शिपायावरच्या खटल्याचा चित्रपट, ‘फ्यूनरल इन बर्लिन’ (१९६६) ही हेरकथा, ‘वेक इन फ्राइट’ (१९७१) ऑस्ट्रेलियातल्या उजाड मुलखातला. तिन्ही मुळात दुसऱ्यांच्या नाटक-कादंबऱ्या, आणि जमैका एकातही नाही. याला कोणी तडजोड म्हणेल. मी म्हणणार नाही. दुसऱ्याच्या कथेतले काय गाळायचे हे ज्याला समजते, त्याला स्वतःच्या लेखनातला फापटपसाराही दिसू लागतो. शिवाय गुलामीविरुद्धच्या लढ्यावरची बीबीसीची मालिका १९७५ साली आली, तेव्हा ती लिहिणारा हात चांगलाच सरावलेला होता.

म्हणून रूपांतराचे काम आले तर ते बिनदिक्कत घे आणि मोबदला ठरवूनच घे. आपली मूळ कथा मात्र निर्मात्याला ऐकवण्यापूर्वी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदव, आणि कवितांचे हक्क कोणत्याही करारात सरसकट लिहून देऊ नकोस.

सध्या मला पूर्ण पटकथा पाठवू नकोस. ‘किंग अँड कंट्री’मधला वकील आणि शिपाई यांचे संभाषण लक्षपूर्वक पाहा, आणि मग धुळ्याच्या न्यायालयाबाहेर प्रमाण मराठी बोलणारा वकील व अहिराणी बोलणारा त्याचा अशील यांचा तीन पानांचा प्रसंग लिही. त्यातले निम्मे संवाद काढून टाकल्यावर जे उरेल, ते पाठव.

तुझा,
एक जुना पटकथाकार