ग्रीक भांड्यांवरच्या देव्या ओळखायच्या कशा? मला तर सगळ्या सारख्याच दिसतात.

तोंडावरून ओळखायला जाल तर सारख्याच दिसणार, चेहरे काढायची धाटणीच एक होती. आपण देवळात मूर्ती बघताना आधी हातातलं आयुध आणि वाहन बघतो ना, तेच इथे करा.

त्यात रंगाची एक गोम आहे. इ.स.पू. सहाव्या शतकातल्या अथेन्सच्या भांड्यांवर तांबूस मातीवर काळ्या आकृत्या असत. पुरुष काळेच ठेवायचे, बायकांच्या अंगावर पांढरा रंग चढवायचे. हा वरचा पांढरा थर टिकाऊ नसतो, पोपडे धरून निघतो. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये मी त्यामुळेच फसलो. शिरस्त्राण, भाला, ढाल आणि काळा चेहरा बघून म्हटलं, असेल कुणी शिपाई. पुढे निघालो तेवढ्यात खांद्यावरच्या वस्त्राच्या काठाला ओळीने वळवळणारे साप दिसले. म्हणजे अथीना, युद्धाची आणि शहाणपणाची देवी! सापांच्या काठाचं ते वस्त्र, ‘एजिस’, ही तिची खास खूण. पांढरा रंग उडाला असेल तर डोळा बघा. या शैलीत पुरुषांचा बहुधा गोल, बायकांचा बदामी.

तो घट बक्षिसाचा होता. अथीनेच्या उत्सवातल्या स्पर्धा जिंकणाऱ्यांना असे घट ऑलिव्हच्या तेलाने भरून देत. इ.स.पू. ५३० च्या सुमारास काळ्या पार्श्वभूमीवर लाल आकृत्यांची नवी पद्धत आली, पण हे घट जुन्याच पद्धतीने रंगवत राहिले. उत्सवाची रीत कोण मोडणार!

लाल आकृत्यांत बायका-पुरुषांची कातडी एकाच रंगाची, तेव्हा हातच बघायचे. धनुष्य असेल तर शिकारीची देवी आर्टेमिस, धान्याची कणसं असतील तर शेतीची देवी डिमीटर. राजदंड बहुतेक वेळा देवांची राणी हेरा हिचा. पंखांवर मात्र भिस्त ठेवू नका. विजयाची नायकी (हो, बुटांच्या कंपनीचं नाव तिचंच), पहाटेची इऑस आणि देवांचे निरोप नेणारी आयरिस, तिघींनाही पंख असतात. त्यातली आयरिस दूताच्या काठीवरून कळते. कधी चित्रकार शेजारी नावच लिहून ठेवतो, मग प्रश्नच मिटला.

माझी लाडकी म्हणजे प्रेमाची देवी अ‍ॅफ्रोडायटी. ऱ्होड्स बेटावर कामिरोसला सापडलेला, इ.स.पू. ४६० च्या आसपासचा एक पसरट प्याला त्याच म्युझियममध्ये आहे. आत पांढऱ्या अस्तरावर ती हातात फुलांची वेल घेऊन हंसावर बसून चालली आहे. हंस म्हणजे राजहंस नव्हे, चक्क गूस. तरी बसलीय अशी ऐटीत, की बघत राहावं.