.३१५ रायफलीला नवा सागवानी दस्ता घरीच बसवून फटीत अराल्डाइट भरलं तर चालेल का?

अराल्डाइट भरू नका. निदान ढिलेपणा नेमका कुठून येतोय हे कळेपर्यंत तरी नकोच. हे उत्तर माझ्या स्वतःच्या फजितीतून आलंय, म्हणून जरा लांबेल.

तुमचा प्रश्न मी असा समजलो. वडिलांची .३१५ वारसाहक्काने तुमच्या परवान्यावर चढली. जुन्या दस्त्याला मनगटाशी, म्हणजे मुठीत धरायच्या बारीक भागाशी, तडा गेला होता, म्हणून तुम्ही सागवानाचा तयार जोड मागवला, मागचा आणि पुढचा. मागचा नीट बसला. पुढचा स्क्रू पूर्ण आवळूनही हलतो आणि गोळ्या एका जागी पडत नाहीत.

आधी कायद्याचं उरकतो. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्रदुरुस्तीच्या धंद्याला वेगळा परवाना लागतो. गावातला सुतार कितीही कसबी असो, रायफल त्याच्याकडे सोडून येऊ नका. लाकडाचा तुकडा द्या, माप द्या, लोखंड स्वतःजवळ ठेवा. बसवणी परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच करा. हे नुसत्या कायद्याच्या भीतीने सांगत नाही, खरं कारण पुढे येतं.

मी चंद्रपूर जिल्ह्यातला. बल्लारपूरचा सागवान डेपो जवळ, त्यामुळे लाकडाची आम्हाला थोडी घमेंडच असते. अयोध्येच्या मंदिराला आमचा साग गेला, तर रायफलीला का चालू नये, असं माझं गणित. जुना अक्रोडाचा दस्ता नमुना म्हणून सुताराला दिला, त्याने हुबेहूब उतरवला. दिसायला इतका देखणा की घरी येईल त्याला दाखवायचो. फेब्रुवारीत बसवला तेव्हा घट्ट होता. मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या वर गेल्यावर, पुढचा तुकडा बोटाने हलायला लागला. मी स्क्रू पिळला. परत ढिला, परत पिळला. एकदा तर स्क्रूची खाच चिंबली.

शेवटी नागपूरच्या एका जुन्या मिस्त्रीकडे घेऊन गेलो. त्यांनी स्क्रूकडे पाहिलं आणि म्हणाले, "काहून एवढं पिळून राहिले भाऊ? हा लोखंडावर टेकला ना. लाकडाले तो दाबूनच नाई राहिला."

गोष्ट अशी होती. आपली .३१५ म्हणजे ईशापूरच्या कारखान्याची, आणि तिचा साचा ब्रिटिश लष्कराच्या जुन्या ली-एनफिल्ड रायफलीचा. (इंग्रजी अमलात लष्करी गोळी साध्या माणसाला ठेवता येत नसे, त्यातून ही .३१५ इथे रुजली.) ट्रिगर गार्डचा पुढचा स्क्रू लाकडातून वर बॉडीत, म्हणजे रायफलीच्या मुख्य लोखंडी सांगाड्यात, जातो, आणि लाकडाच्या भोकात त्या स्क्रूभोवती लोखंडाची छोटी नळी असते, तिला मिस्त्री बुश म्हणतात. स्क्रू आवळला की आधी लाकूड किंचित दबायला हवं आणि मग गार्ड बुशवर टेकायला हवा. लाकूड बुशपेक्षा केसभर जरी पातळ असलं, तरी गार्ड थेट बुशवर बसतो. हाताला स्क्रू घट्ट लागतो, लाकूड मात्र मधे मोकळं. माझं लाकूड उन्हाळ्यात सुकून आखडलं होतं, एवढंच. तुमच्या तयार दस्त्याची जाडी पहिल्यापासूनच कमी असणार, असा माझा अंदाज. उलटं झालं, म्हणजे लाकूड जास्त जाड राहिलं, तर पावसाळ्यात ते फुगतं आणि स्क्रूखाली चिरडतं.

आता ते खरं कारण. या रचनेत ट्रिगर हा गार्डवर टांगलेला असतो आणि तो ज्याला ढकलतो तो सिअर, म्हणजे ताणलेला कॉक (घोडा) धरून ठेवणारा खटका, वर बॉडीत. दोघांमधलं अंतर कोण ठरवतं? तुमचं लाकूड. गार्ड जरा वर सरकला किंवा खाली राहिला की ट्रिगरची ओढ बदलते. कधी जड होते, कधी ट्रिगरचा पहिला, हलका टप्पाच उरत नाही आणि जरा धक्का लागला तरी कॉक सुटू शकतो. ब्रिटिशांनी पुढे ली-एनफिल्डच्याच नंबर ४ रायफलीच्या मार्क २ मध्ये ट्रिगर हा गार्डवरून उचलून थेट बॉडीलाच लावला, तो याच भानगडीपायी. म्हणून घरी बसून फटीत अराल्डाइट ओतणं म्हणजे न पाहता ट्रिगरचं माप बदलणं. माझ्या रायफलीत मिस्त्रीने बुश कानशीवर दोन-तीन वेळा फिरवून जरासा उतरवला, दरवेळी परत जोडून पाहिला. नंतर रिकामी रायफल कॉक करून बोल्ट दणक्याने पुढे आपटला, बटवर (मागच्या दस्त्यावर) तळहाताने मारलं. कॉक पडला नाही, तेव्हाच पुढचं काम.

पुढचं काम म्हणजे बैठक. बेडिंग बेडिंग म्हणतात ते हेच, लोखंड लाकडात कुठे टेकतं आणि कुठे नाही. गोळी सुटल्यावर बॉडी झटक्याने मागे येते आणि पुढच्या लाकडाला आपल्याबरोबर मागे ओढते. ही सगळी ओढ लाकडाच्या मागच्या टोकाशी असलेल्या दोन लहानशा खांद्यांवर येते. प्रत्येक खांदा अंगठ्याच्या नखाएवढा असेल-नसेल. ते खांदे दबले की लाकूड दर गोळीला थोडं पुढे सरकतं आणि त्याच्या मागच्या टोकाशी फट दिसायला लागते. तुमच्याकडे ती फट आहे का, आधी बघा. असेल तर गोळ्या इकडेतिकडे का जातात याचं उत्तर तिथेच आहे.

सागाची अडचण इथेच आहे. साग ऋतूप्रमाणे कमी हलतो, वाळवी सहसा धरत नाही, पण ठोसा सोसणारं लाकूड तो नाही. आपल्याकडे कुऱ्हाडीला धावड्याचा दांडा घालतात, सागाचा कुणी घालत नाही, ते उगाच नाही. ऑस्ट्रेलियात लिथगोच्या कारखान्यालाही हाच प्रश्न पडला होता. अक्रोडाऐवजी तिथलं मऊ लाकूड वापरावं लागलं तेव्हा त्यांनी या खांद्यांवर तांब्याच्या पट्ट्या बसवल्या. ईशापूरच्या लष्करी रायफलींत लाकडातून आडवा स्क्रू दिसतो, तो लाकूड फाटू नये म्हणून.

माझ्या दस्त्यात मिस्त्रीने दिव्याची काजळी तेलात कालवून बॉडीच्या खालच्या अंगाला लावली, लाकडात बसवली, काढली. काळे डाग कुठे उठलेत ते पाहिलं आणि पटाशीने तेवढेच डाग खरवडले. परत काजळी, परत बसवणी. दीड-दोन तास हेच चाललं. पहिल्या खेपेला डाव्या खांद्यावर एकच टिंब होतं, उजवा कोरा. म्हणजे सगळा धक्का एकट्या डाव्यावर. शेवटी दोन्हीकडे सारखा डाग आला तेव्हा ते थांबले. मग कुठे अराल्डाइट निघालं, तेही फक्त खांद्यांवर, कागदाच्या जाडीचं. सागात नैसर्गिक तेल असतं, त्यावर अराल्डाइट धरत नाही, म्हणून जागा आधी ॲसिटोनने दोनदा पुसली. लोखंडाला मेण चोळलं, नाहीतर रायफल आणि लाकूड कायमचे एक झाले असते. स्क्रूच्या भोकातही मेण भरलं. हे काम भर उन्हाळ्यात काढू नका. मिश्रण वाटीतच तापून घट्ट होतं.

मागच्या दस्त्याबद्दल एक गोष्ट, कारण तुम्ही तो आधी बसवला म्हणता. ली-एनफिल्डच्या एसएमएलई या लष्करी मॉडेलमध्ये मागचा दस्ता बॉडीला आवळणाऱ्या लांब बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पत्रीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड न काढता तो बोल्ट फिरवला की ते लाकूड आतून चिरतं. तुमच्या रायफलीत ती पत्री असो वा नसो, क्रम तोच ठेवा. पुढचं आधी काढायचं, मागचं शेवटी सोडायचं. आणि नवा दस्ता घेताना मनगटातले रेषे बघा. ते मनगटातून सरळ जायला हवेत. तिरके बाहेर पडत असतील तर तडा तिथेच जाणार, जुन्याला गेला तसाच.

नवीन लाकडाला वार्निश मी तरी लावत नाही. कच्चं जवसाचं तेल लावतो, जवस आपल्याकडे पिकतोच. सागात ते अक्रोडाइतकं मुरत नाही, तेव्हा अगदी पातळ हात द्यायचा, जास्तीचं तासाभराने पुसायचं. बाहेरून चकाकलं म्हणजे झालं असं नाही. आतल्या खाचा आणि टोकाकडचे उघडे रेषे तेलाने भरायलाच हवेत, पावसाळ्यात ओल तिथूनच शिरते. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि ढिगातली चिंधी आपोआप पेटू शकते. माझी एकदा बादलीत धुमसत होती, आईला वास आला म्हणून निभावलं. तेव्हापासून चिंध्या अंगणात दोरीवर एकेक पसरतो.