वाचकांचे प्रश्न : पूजा रोज होते, पण देव जवळचा वाटत नाही

प्रश्न : सासूबाई गेल्यापासून देवघर माझ्याकडे आलंय. त्या तासभर पूजा करायच्या, माझी मात्र डबे, मुलाची स्कूलबस आणि लोकल या गडबडीत कशीबशी उरकते. मोबाईलवर आरती लावते, हात चालू असतात आणि डोक्यात ऑफिस. अडचण आली की नवस बोलते, चतुर्थी धरते, काम झालं की सगळं सुटतं. मधेच देवावर चिडते आणि मग दिवसभर अपराधी वाटत राहतं. मला भीती नकोय, पण मनापासून आदर आणि ओढ हवीये. पारायण करू का? गुरू करावा का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, आधी चिडण्याचं बघू, कारण तुम्ही ते उगाच मनाला लावून घेतलंय. जनाबाईने विठोबाला 'अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या' असं तोंडावर म्हटलंय आणि आपण ते आजही कीर्तनात टाळ वाजवत म्हणतो, कुणाला त्यात देवाचा अपमान वाटत नाही. तुकोबांच्या गाथेत तर 'माझे लेखी देव मेला' असाही अभंग आहे. दुष्काळात बायको गेली, मुलगा गेला, धंदा बुडाला, एवढं सगळं सोसलेला माणूस आहे तो, देवाशी भांडणार नाही तर काय करणार! पण या दोघांचं देवाशी बोलणं दिवसभर चालायचं, दळताना, कांडताना, भंडारा डोंगरावर बसून, म्हणून त्यांचं भांडण शोभतं. आपण काम पडलं की फोन करतो आणि वर चिडतो. तेव्हा चिडा खुशाल, फक्त एरवीही बोलत जा, म्हणजे आज ऑफिसात काय झालं, मुलाने काय दिवे लावले, काहीही. नवसाचं मात्र वर्षभर बाजूला ठेवा असं मी म्हणेन, कारण 'हे दे मग मी ते करीन' हा सौदा झाला आणि सौद्यात आदर टिकत नाही, हिशोब तेवढा टिकतो.

आता पूजा. सासूबाईंची बरोबरी करायला जाऊ नका, त्यांची सकाळ वेगळी होती. सोळा उपचार जमत नसतील तर शास्त्रातच पंचोपचार सांगितलेत, गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य, एवढ्यात पूजा पूर्ण होते. गीतेतही नवव्या अध्यायात पान, फूल, फळ, पाणी एवढंच मागितलंय. पितांबरी लावून देव घासायचं काम रविवारी करा, रोज नको. पण जे कराल ते हातातलं काम म्हणून करा. गंधाची तयार बाटली असेल तर ती ठेवून द्या आणि सहाणेवर दोन थेंब पाणी घालून खोड स्वतः उगाळा, घाई केली तर नुसतं पाणीच फिरतं, गंध येतच नाही, त्यामुळे हात आपोआप सावकाश होतो आणि वास यायला लागला की डोक्यातलं ऑफिसही जरा मागे सरतं. मग बाळकृष्णाला ताम्हनात घेऊन पळीने पाणी घालाल तेव्हा त्याच्याकडे बघा तरी, कित्येक घरांत देवाच्या हातातला लोणी-गोळा कुणी नीट पाहिलेला नसतो.

आणि मोबाईलवरची आरती बंद करा. तुमचा आवाज कसाही असू दे, स्वतः म्हणा, एकच म्हणा. आपण इतकं ऐकत-ऐकत म्हणतो की 'फणिवरबंधना'चं 'फळीवर वंदना' होतं आणि 'संकटी पावावे'चं 'संकष्टी', आणि पिढ्यान्पिढ्या कुणालाच काही वाटत नाही (आमच्याकडे गणपतीत अजून फळीच असते). आठवडाभर एकेक ओळ अर्थ लावून म्हणून बघा.

ऑफिसच्या वेळेचं म्हणाल तर सावता माळी आठवा. माढा तालुक्यातल्या अरणचे, पंढरपूर काही फार लांब नाही, पण मळा सोडून ते वारीला गेले नाहीत असं सांगतात, 'कांदा मुळा भाजी, अवघी विठाबाई माझी' म्हणत वाफ्यातच राहिले. आणि आजही पंढरपूरहून देवाचीच पालखी अरणला त्यांच्या भेटीला जाते. बाकी सगळ्या पालख्या पंढरपूरकडे येतात, ही उलटी जाते! लोकलमध्ये उभ्याउभ्या नाम घेतलंत तर ते कमी प्रतीचं मुळीच नाही.

पारायण आत्ता नको. ज्ञानेश्वरीच्या 9000 च्या आसपास ओव्या आहेत, त्या सात दिवसांत संपवायच्या म्हणजे तुमचं लक्ष पानं किती उरली यावरच राहणार. त्यापेक्षा बारावा अध्याय घ्या, लहान आहे आणि भक्तीवरच आहे, रात्री चार-पाच ओव्या सार्थ प्रतीतून वाचा आणि पुस्तक मिटा. ते नाही जमलं तर संध्याकाळी हरिपाठाचा एक अभंग.

गुरूची घाई तर अजिबात नको, विशेषतः पहिल्याच भेटीत दक्षिणेचा आकडा सांगणारा असेल तर चप्पल घाला आणि घरी या. वारकऱ्यांकडे तुळशीची माळ घालतात, ती साधी गोष्ट आहे पण तिच्यामागे नियम आहेत, मांस-मद्य सोडायचं, एकादशी करायची, वर्षाला आषाढी नाहीतर कार्तिकी वारी. घरात मासे शिजत असतील आणि एकादशीचं नक्की नसेल तर माळ सध्या राहू द्या, घालून मग काढावी लागली की घरातल्यांनाही लागतं आणि आपल्यालाही. हरिपाठ म्हणायला माळ लागत नाही, आजपासून सुरू करा.