प्लॅब जरूर द्या, राजीनामा मात्र नको

तुमचं पत्र थोडक्यात असं: एमबीबीएस, वय 27, मेडिकल ऑफिसरची नोकरी, शिल्लक 7 लाख, शैक्षणिक कर्ज 6 लाख बाकी. नोकरी सोडून सहा महिने ब्रिटनमध्ये राहायचं, प्लॅब 2, म्हणजे परदेशी डॉक्टरांना ब्रिटनमध्ये काम करण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या प्लॅब परीक्षेचा दुसरा भाग, द्यायची आणि तिथूनच काम शोधायचं. पैसे कमी पडले तर वडील एफडी मोडायला तयार आहेत.

ब्रिटनला जायला माझी ना नाही. पण राजीनामा आत्ता नको आणि एफडीला हातही नको.

परीक्षांचा खर्च तुम्ही नीट धरलाय. पहिला भाग भारतातच देता येतो, दुसऱ्यासाठी मँचेस्टरला जावंच लागतं आणि त्याची फीच हजार पौंडांच्या घरात आहे. आयईएलटीएस किंवा ओईटी ही इंग्रजीची परीक्षा, क्लास, विमान, जीएमसीची (ब्रिटनच्या वैद्यकीय परिषदेची) नोंदणी हेही तुमच्या यादीत आहे. यादीत नाही ती नोंदणीनंतरची वाट पाहणी. जीएमसी नंबर हातात असूनही महिनोन् महिने अर्ज करत बसलेले डॉक्टर आज भरपूर आहेत. त्यात जुलै 2025च्या आरोग्य आराखड्यात तिथल्या सरकारने स्पेशालिटी ट्रेनिंगसाठी, म्हणजे तज्ज्ञ होण्याच्या प्रशिक्षणासाठी, स्थानिक पदवीधरांना आणि एनएचएसमध्ये (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत) बराच काळ काम केलेल्यांना प्राधान्य द्यायचं ठरवलं. म्हणजे पहिली नोकरी ट्रेनिंगची नसणार, असंच धरून चाला. व्हिजिटर व्हिसावर पगारी काम करता येत नाही. क्लिनिकल अटॅचमेंट, म्हणजे रुग्णालयात राहून तिथलं काम पाहणं, करता येते, तीही बिनपगारी. तुमच्या योजनेत खर्च पौंडांत, आवक शून्य आणि इकडे ईएमआय चालूच.

त्यापेक्षा पहिला भाग नोकरी सांभाळून द्या. दुसऱ्यासाठी रजा काढा आणि परीक्षा झाली की परत या. अर्ज इथून करता येतात, मुलाखतीही बऱ्याचदा ऑनलाइन होतात. प्लॅब 2 पास झाल्यापासून दोन वर्षांत नोंदणीचा अर्ज मंजूर व्हावा लागतो, तेवढी तारीख चुकवू नका. सातपैकी दोन लाख ईएमआय आणि अडीअडचणीसाठी बाजूला. उरलेले पाच संपले की या मोहिमेवर नवा पैसा नाही, हे आजच घरात सांगून टाका. वडिलांना पेन्शन आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर एफडीचा विषयच संपला.

पौंडातला पगार सरळ रुपयांत गुणून स्वप्नं रंगवायची सवय आपल्याकडे फार. स्कॉटलंड सोडून वर्षाला 12,570 पौंडांनंतर 20 टक्के, 50,270 नंतर 40 टक्के कर, शिवाय नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक सुरक्षेची सक्तीची वर्गणी) आणि पेन्शनची कपात. हाती उरेल त्यातून घरभाडं वजा करा, मग गुणा.

नोकरीचं पत्र आलं की निघण्यापूर्वी टर्म इन्शुरन्स घ्या आणि बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं रुपयांतलं खातं) करायला बँकेला कळवा. पीपीएफ हवं असेल तर आधीच उघडा. एनआरआय झाल्यावर नवं खातं उघडता येत नाही, जुनं मात्र मुदतीपर्यंत चालवता येतं.